खारट तीर्थ

१

प्रमोदिनी तशी भित्री नव्हती. विंचू ती चिमट्यात धरून परड्यात नेऊन टाकायची. पाल अंगावर पडली तर झटकून पुन्हा भाकरी थापायला बसायची. पण मोरीच्या कडेला बिनशंखाची गोगलगाय दिसली, की या बाईचं सगळं शौर्य गळून पडायचं. घशाशी आंबट पाणी यायचं. दातावर दात आवळून ती मिठाच्या बरणीकडे धावायची, मूठभर खडेमीठ आणून त्या लिबलिबीत जिवावर फेकायची आणि डोळे मिटून उभी राहायची. मिठाखाली तो जीव फेसाळतो, आकसतो, शेवटी पाणी होऊन वाहून जातो, हे तिला न बघताही कळायचं. त्या दिवशी मग तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

हे लहानपणापासूनचं. मुरगूडला माहेरी, पावसाळ्यातल्या एका सकाळी अनवाणी परसात जाताना एक थोराड गोगलगाय तिच्या पायाखाली आली होती. ती नुसती चिरडली असती तरी चाललं असतं. ती बोटांच्या बेचक्यांतून वर आली. पोरीनं राखेनं आणि दगडानं पाय इतका घासला की कातडं सोललं. आता ती चांगली संसारी बाई झाली होती, तरी पाय धुताना त्या बेचक्यांत काहीतरी शिल्लक आहे असं तिला वाटायचंच.

तिचा नवरा अंबादास हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. त्याला या प्रकाराची भारी गंमत वाटायची.

"अगं, ती काय तुला खाणार हाय?"

"खाल्लं तर परवडलं," प्रमोदिनी म्हणायची. "चाटंल म्हणून अंगावर काटा येतो."

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या बोळात त्यांचं मातीच्या भिंतींचं बिऱ्हाड होतं. पुढं एक खोली, मधे एक, मागं स्वयंपाकघर, आणि त्याला लागून मोरी. घरात तिसरं माणूस म्हणजे अंबादासची आई. तिला सगळा बोळ अक्का म्हणायचा, म्हणून मुलगाही अक्काच म्हणायचा. अक्काची पूजा झाल्यावर तीर्थ घ्यायचं, मगच चहाचा घोट, हा त्या घरचा शिरस्ता होता. अंबादास शास्त्रवाला पडला, तो ओंजळीतलं तीर्थ डोळ्यांना लावून केसांना पुसायचा आणि आईला वाटायचं पोरानं घेतलं. प्रमोदिनी मात्र मनापासून प्यायची. तिला कारण होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दोनदा दिवस राहून गेले होते, आणि आता तिसऱ्यांदा राहिलेलं पाचव्या महिन्यापर्यंत टिकलं होतं. हे मूल हातात येईपर्यंत ती कुणाचंही काहीही प्यायला तयार होती.

२

दिवाळीच्या सुट्टीआधी अंबादास मुलांची सहल घेऊन रत्नागिरीला निघाला, तेव्हा अक्कानं त्याला बजावलं होतं.

"अंबादास, येताना माझ्यासाठी समुद्राचं पाणी आण बाबा. सगळ्या नद्या शेवटाला तितंच जाऊन मिळत्यात. काशी ऱ्हायली, रामेश्वर ऱ्हायलं. एवढं पाणी तरी देवापुढं ठेवू."

परत आला तो एक काचेची बरणी पोटाशी धरून. घाटात गाडी लागली म्हणून चेहरा हिरवा पडला होता, पण बरणी सांडू दिली नव्हती. त्यानं तोंडावरचं फडकं सोडलं आणि दोघींना जवळ बोलावलं.

पाण्यात करंगळीएवढा एक जीव काचेला चिकटून हळूहळू वर चढत होता. अंग पिकल्या जांभळासारखं. कडेनं हळदीच्या रंगाची झालर, आणि ती झालर सारखी दुमडत, उलगडत होती. पुढच्या टोकाला दोन शिंगं, पाठीवर मागच्या बाजूला एक नाजूक तुरा.

"अगं बाई, पैठणीचं काठच की!" अक्का हरखून म्हणाली.

"गोगलगायच हाय," अंबादास म्हणाला. "समुद्रातली. शंख टाकून दिलेली. आणि गंमत म्हणजे, ही दुसऱ्या विषारी जिवांना खाते, पण त्यांचं विष पचवत नाही. जपून ठेवते आणि आपल्या अंगात आपलं म्हणून वापरते."

प्रमोदिनी दारापर्यंत मागं सरली होती. "मीठ टाका तिच्यावर," ती म्हणाली.

अंबादास पोट धरून हसला. "मीठ? ती मिठातच जगती की! तुझी सगळी बरणी ओतलीस तर नाचंल ती."

आता यात एवढं हसण्यासारखं काय होतं? प्रमोदिनीच्या हातात आजवर एकच हत्यार होतं आणि ते या जिवापुढं चालत नव्हतं. तिला एकदम उघड्यावर पडल्यासारखं झालं.

"आणि माझं पाणी रे?" अक्कानं विचारलं.

अंबादास ते साफ विसरला होता. तो चपापला, पण शिक्षक माणूस, वेळ मारून न्यायला कितीसा वेळ लागतो? "आणलंय की अक्का! ही काय बरणी भरून!" तो म्हणाला आणि अंघोळीला पळाला.

तो जीव शाळेत नेऊन स्पिरिटमध्ये घालायचा होता. पण शाळेला कुलूप लागलं होतं, ते सुट्टी संपेपर्यंत निघणार नव्हतं. तोवर बरणी थंडाव्याला म्हणून स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात, पिठाच्या डब्याशेजारी ठेवली. प्रमोदिनीनं पुष्कळ कटकट केली. कुणी ऐकलं नाही. फराळाचं तळताना ती कोनाड्याकडे पाठ करून बसायची, आणि तरीही मानेवर कुणीतरी बघत असल्यासारखं वाटून पदर वर ओढायची.

३

दिवाळीत तिच्या तोंडाची चव गेली. निदान तिला तसं वाटलं. सकाळचं तीर्थ जरा खारट लागायचं, आणि पाण्यापेक्षा दाट. जिभेवरून घरंगळायच्या ऐवजी ते सावकाश सरकायचं. दिवस गेलेल्या बाईला काय काय लागतं, कोण सांगणार? मनाशी असं म्हणून ती तुळशीच्या पानासकट गिळून टाकायची.

बरणीत एक नवीनच प्रकार झाला होता. काचेला आतून गुलाबी फितीचं वेटोळं चिकटलं होतं, कुरडईसारखं. बारकाईनं पाहिलं तर त्या फितीत नुसते ठिपकेच ठिपके होते.

"अंडी घातली!" अंबादास आनंदानं ओरडला. "ह्यांच्यात नर-मादी असला भेद नसतोच."

प्रमोदिनी चकल्या तळत होती. तिनं सोऱ्या खाली ठेवला आणि त्या दिवाळीत पुन्हा चकलीला हात लावला नाही.

भाऊबीजेच्या सकाळी ती लोण्याचं भांडं घ्यायला आत गेली. अक्का सोवळ्यात कोनाड्यापुढं उभी होती. एका हातात पंचपात्र, दुसऱ्या हातात पळी. पळी बरणीत होती.

"अक्का, काय करताय?"

"तीर्थ काढतोय की," अक्का शांतपणे म्हणाली. कोल्हापुरातल्या जुन्या बायका अशाच बोलतात, बाप्यांसारख्या. "रोज एक पळी घालतोय देवाच्या पाण्यात. पोरानं एवढ्या लांबनं आणलंय, ते काय नुसतं बघायला?"

बरणी निम्म्यावर आली होती. पाणी गढूळ झालं होतं. गुलाबी फीत विरघळून तिचे धागे पाण्यात तरंगत होते, आणि तळाशी तो जांभळा जीव रंग उडून, फुगून, नासक्या द्राक्षासारखा पडला होता. झाकण काढलेल्या बरणीतून कुजका, खारा वास आला.

रोज. म्हणजे त्या धाग्यांसकट. प्रमोदिनी मोरीत धावली आणि घशात बोटं घातली. उलटी झाली नाही. नुसती लाळ आली, शेंबडासारखी चिकट. बोट बाहेर काढलं तरी ती तुटेना, तोंडापासून हातापर्यंत लोंबत राहिली. तिनं पदरानं ओढून तोडली तेव्हा ती रडत होती.

अंबादास आधी हसला. मग तिचं तोंड बघून गंभीर झाला. आईवर ओरडला, बरणी मोरीत ओतली, घागरभर पाणी मारलं. मग बायकोला समोर बसवून वर्गात समजावतात तसं समजावलं.

"समुद्राबाहेर ती अंडी जगतच न्हाईत. त्यात पोटात आम्ल असतं. केव्हाच पचून गेलं असंल सगळं."

"आणि पोटात पोर हाय त्याच्याभवती पाणी असतं न्हवं? ते कसलं असतं?"

अंबादासला उत्तर ठाऊक होतं: खारट. तो उठला आणि मोरीत आणखी एक घागर ओतून आला.

तिकडे अक्का देवापुढं बसून डोळे पुसत होती. "तीर्थाची किळस करतीस व्हय गं? त्याच्यानंच पोर तगलंय तुझं," ती म्हणाली.

४

शाळा उघडली, अंबादास कामाला लागला आणि दुपारचं घर पुन्हा दोघींचं झालं.

मिठाची बरणी भराभर रिकामी व्हायला लागली. अक्का आमटीवर वरून मीठ घ्यायची, भाकरीवर घ्यायची, शेवटी नुसतंच चिमटीनं जिभेवर टाकायला लागली. बोलणंही कमी झालं. बोलायची ती तोंडाला पदर लावून. "तोंड आलंय गं," म्हणायची. शेजारची मल्लव्वा म्हणाली, म्हातारपणी होतं असं. प्रमोदिनीलाही ते पटलं. पटवून घेणं भागच होतं, नाहीतर तिची झोप उडाली असती.

एका दुपारी ती पुढच्या खोलीत तांदूळ निवडत होती. मधल्या खोलीतून आवाज यायला लागला. खर्र... खर्र... खर्र... मांजर ताट चाटतं तसा, पण फार सावकाश. त्यांच्या घरात मांजर नव्हतं. तिनं हाक मारली, "अक्का?" आवाज थांबला. तिनं पुन्हा सुपात हात घातला तसा सुरू झाला.

ती उठून गेली. अक्का आपल्या अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. जुन्या मातीच्या भिंती त्या, पावसाळा संपला की त्यांना लोणा लागतो, मिठाची पांढरी पूड फुलून येते. सबंध भिंत तशी पांढरी होती. फक्त अक्काच्या उशाशी, तोंडाच्या उंचीवर, हातभर पट्टा स्वच्छ होता. ओला होता. उन्हाच्या तिरिपीत चकाकत होता.

प्रमोदिनीनं त्याला बोट लावलं. बोट चिकटलं आणि उचलताना तार आली. तिच्या पायाच्या बेचक्यांत एकदम गार, बुळबुळीत काहीतरी दाटून आलं, लहानपणी आलं होतं तसंच. ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला तोंड उघडायची तिला शिसारी आली.

अक्का झोपली होती. ओठ थोडे विलग होते. श्वास चाललाय ना, हे बघायला प्रमोदिनी वाकली.

आत जीभ हलत होती. झोपेत बडबडणाऱ्या माणसाची हलते तशी नव्हे. बोळक्या हिरड्यांच्या कडेकडेनं ती सरपटत होती, चाचपत होती. जांभळी होती. तिच्या कडेला काहीतरी दुमडलं, उलगडलं, हळदीसारखं पिवळं. मग टोक वर उचललं गेलं आणि त्यातून दोन बारकी शिंगं निघाली. ती डावीकडे वळली, उजवीकडे वळली, आणि प्रमोदिनीच्या दिशेनं स्थिर झाली.

तोंड मिटलं. डोळे न उघडताच अक्का नेहमीच्या आवाजात म्हणाली, "प्रमोदिनी, मीठ संपलंय गं."

५

"जांभळं औषध लावलंय तिला," अंबादास संध्याकाळी म्हणाला. "तोंड आलंय म्हणून कालच डॉक्टरांकडं घेऊन गेलतो. त्यानं जीभ जांभळी होणारच."

"आणि पिवळं?"

"हळदीच्या गुळण्या करती ती."

"शिंगं?"

अंबादासनं आईला उजेडात बसवलं. "अक्का, जीभ दाखव बघू." अक्कानं दाखवली. म्हातारीची, भेगा पडलेली, औषधानं माखलेली जीभ. बस्स. अंबादासनं बायकोकडे पाहिलं, त्यात चीडही नव्हती, नुसती काळजी होती. तिलाही वाटलं, आपल्याच डोक्यात भरलंय सगळं. फक्त ती जीभ आत जायला जरा जास्तच वेळ लागला, आणि हे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता?

त्या महिन्यात मूल हलायला लागलं. मल्लव्वा रोज दुपारी येऊन बसायची, तिनं विचारलं, "लाथ मारतंय का गं?"

"लाथ न्हाय मारत," प्रमोदिनी म्हणाली. "सरकतंय."

"अय्यो! सरकतंय म्हणं!" मल्लव्वा खदाखदा हसली. "पहिलटकरणीचं असंच असतंय बघ."

पण ते सरकतच होतं. आतल्या बाजूला चिकटून, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर, कधीच घाई न करता. ते जाईल तिथं आतून गार वाटायचं. प्रमोदिनी पोटावर हात ठेवून बसायची आणि तो मार्ग तिच्या तळव्याला समजायचा. हेच ते मूल, ज्याच्यासाठी तिनं उपास केले, नवस बोलली, पळीपळीनं तीर्थ प्याली. आणि आता त्याच्यावरून हात फिरवताना तिला मळमळायचं. आईला पोटच्या पोराची किळस यावी, याहून वाईट काय असतं? ती स्वतःला शिव्या द्यायची. तरी किळस जायची नाही. कधीकधी तर तिला वाटायचं, ही किळस आहे तोवर ठीक आहे. ही आहे तोवर आपण आपण आहोत.

६

सातव्यात डोहाळजेवण केलं. मुरगूडहून तिची आई आली, हिरवी साडी आणली, अंगभर फुलांचे दागिने घातले. बोळातल्या बायका जमल्या, गाणी झाली. मग पुढ्यात दोन झाकलेल्या वाट्या आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

"उचल गं एक," मल्लव्वा म्हणाली. सगळ्या पुढं सरकल्या.

प्रमोदिनीनं हात पुढं केला. तो वाट्यांवरून तसाच पुढं गेला, शेजारच्या वाढलेल्या ताटाकडे. ताटात डाव्या बाजूला मीठ वाढलं होतं. तिनं ते सगळं चिमटीत गोळा केलं आणि तोंडात टाकलं.

बायकांत मोठा हशा पिकला. "खारट डोहाळे गं बाई!" "आंबट झालं, गोड झालं, हे एक नवीनच!" तिची आईसुद्धा डोळ्यांतून पाणी येईतो हसली. अक्का कोपऱ्यात बसली होती. ती तोंडाला पदर लावून हसत होती.

प्रमोदिनी हात धुवायचं निमित्त करून मोरीत आली. तोंडात अजून मीठ होतं. ते थुंकायचं होतं, चूळ भरायची होती. ती वाकली आणि तिला दिसलं. पाऊस संपून कितीतरी दिवस झाले होते, तरी मोरीच्या कडेला एक गोगलगाय होती. साधीच, मातकट, आपल्याकडं असते तसली. अंग ताणून ती शिंगं बाहेर काढत होती.

सवयीनं तिनं फळीवरच्या बरणीत हात घातला. मूठभर खडेमीठ घेतलं, हात उगारला, डोळे मिटले. आता फेकायचं. बाहेर बायका पुढचं गाणं म्हणायला लागल्या होत्या. मूठ घट्ट होती, खडे तळव्यात रुतत होते. मूठ खाली आली नाही. ती हळूहळू तिच्या तोंडाकडे आली.

खडे जिभेवर विरघळले. जिभेनं एकेक खडा उचलून, घोळवून, आत ओढला. पोटात मूल सरकलं, वरच्या बाजूला, मिठाच्या दिशेनं, आणि या वेळी ते गार लागलं नाही.

प्रमोदिनी डोळे मिटून उभी राहिली. आता घशाशी आंबट येईल, आता अंगावर काटा येईल, पायाच्या बेचक्यांत ते जुनं बुळबुळीत जागं होईल, म्हणून ती वाट बघत राहिली. गाणं संपून दुसरं सुरू झालं. काहीच आलं नाही. तिनं डोळे उघडले तेव्हा गोगलगाय तिच्या पावलावर चढली होती, आणि तिनं पाय हलवला नाही.

मागं अक्का येऊन उभी होती. तिनं सुनेच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला.

"आता बरं वाटतंय न्हवं?"

बरं वाटत होतं. खरंच फार बरं वाटत होतं. दारातून आईनं हाक मारली, "प्रमोदिनी, किती वेळ गं? ये, सगळ्या थांबल्यात." प्रमोदिनीनं पदर तोंडाला लावला आणि ती बाहेर गेली.